चार दिवसांची शाळा, सहा दिवसांचं यार्ड

अजमान मागे टाकून किनाऱ्यानं उत्तरेला निघालं की हमरिया लागतं. समुद्राला लागून असलेलं छोटं गाव, आणि त्याच्या शेजारी शारजा सरकारनं 1995 मध्ये सुरू केलेला हमरिया फ्री झोन. इथलं बंदर 14 मीटर खोल आहे. समुद्रातून तेल आणि वायू काढण्यासाठी जे पोलादी सांगाडे उभे करावे लागतात ते इथल्या यार्डांत जोडले जातात. त्याशिवाय जहाजांची कामं, स्टील, लाकूड, रसायनं. ड्रॉइंगच्या टेबलापासून वेल्डिंगच्या मचाणापर्यंत मराठी माणूस इथे भेटतो. ज्यांना बायकामुलं आणणं परवडतं ते अजमानला नाहीतर शारजात भाड्यानं राहतात आणि मुलांना सीबीएसईच्या भारतीय शाळेत घालतात.

त्यांतल्या सगळ्यात लहान मुलांचा आठवडा हा या लेखाचा विषय. जानेवारी 2022 पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी आली आणि शाळा चार दिवसांवर आल्या. खाजगी यार्डांवर तसं बंधन नाही. कायद्यानं त्यांना आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि किमान एक सुट्टी एवढंच पाळावं लागतं, त्यामुळे माल पाठवायची तारीख जवळ आली की सहा दिवस काम चालतं. चार वर्षांचं मूल आणि त्याचा बाप एकाच घरात राहून दोन वेगळे आठवडे जगतात.

खाली जे दोघं बोलतात त्यांची नावं देत नाही. आत्या डहाणू तालुक्यातल्या बालवाडीची निवृत्त शिक्षिका, 1970 च्या दशकात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या बालशिक्षण केंद्रात प्रशिक्षण घेतलेली, सध्या व्हिजिट व्हिसावर आलेली. भाचा हमरियाच्या एका यार्डात प्लॅनिंग इंजिनिअर. त्याची मुलगी एप्रिलपासून केजी वनला जाते. घरात तिला छोटी म्हणतात. बोलणं सुरू झालं तेव्हा जून महिना होता आणि भाच्याच्या हातात फोन होता.

भाचा: आत्या, पुढच्या आठवड्याचा प्लॅन आला बघ. सोमवारी ‘एच’चा आवाज, मंगळवारी ‘आर’, बुधवारी ‘एम’, गुरुवारी उजळणी. आकडे एक ते दहा, वहीत लिहून. विषय ‘माझं कुटुंब’. रोज अरबी. गुरुवारी शो अँड टेल, घरातली एक वस्तू न्यायची आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची.

आत्या: आणि खेळ?

भाचा: आहे ना. वीस मिनिटं. सध्या ऊन आहे म्हणून आत, हॉलमध्ये.

आत्या: बाकी वेळ बसून?

भाचा: बसून, गाणी म्हणत, रंगवत. आत्या, पंचवीस मुलं आहेत वर्गात. एक बाई आणि एक मदतनीस. हातात प्लॅन नसेल तर त्या दोघी काय करतील? माझं कामच हे आहे. सहाशे टनांचा सांगाडा असो नाहीतर साधा जिना, जे कागदावर नाही ते होत नाही. मला तर हा प्लॅन बघून बरं वाटतं. आपल्या वेळेला आईला काय माहीत होतं मी शाळेत काय करतो ते?

आत्या: प्लॅन आम्हीही करायचो. कोसबाडला आदल्या संध्याकाळी टाचण लिहिल्याशिवाय दुसऱ्या दिवशी वर्गात जायची सोय नव्हती. प्लॅन नको असं मी म्हणत नाही. पण आमच्या टाचणाला दुसरी बाजू असायची. डावीकडे काय करायचं, उजवीकडे मुलांनी प्रत्यक्षात काय केलं. उजवी बाजू दिवस संपल्यावर भरायची. अमकीनं आज पहिल्यांदा दुसऱ्याला खडू दिला. अमका तासभर पाणी या डब्यातून त्या डब्यात ओतत बसला. तुझ्या फोनवर डावी बाजू आहे. उजवी कुठे येते?

भाचा: महिन्याच्या शेवटी रिपोर्ट येतो.

आत्या: त्यात काय लिहितात?

भाचा: अक्षरं ओळखते, आकडे लिहिते, पेन्सिल धरायला मदत लागते.

आत्या: ती पेन्सिलच आधी बघू. परवा वहीवर ‘आर’ची ओळ काढताना तिची बोटं मी पाहिली. मूठ आवळून धरते. ओळ संपेपर्यंत मनगट दुखत असणार. चार वर्षं दोन महिने वय. बोटांचे स्नायू अजून तयार होतायत. तिला आधी पीठ मळू दे, कात्रीनं कापू दे, मणी ओवू दे, शर्टाची बटणं स्वतः लावू दे. ही सगळी लिहिण्याचीच तयारी असते.

भाचा: हे मला मान्य नाही असं नाही. पण मीही थोडं वाचलंय. मॉन्टेसोरीबाईंच्या रोममधल्या शाळेत चार-पाच वर्षांची मुलं लिहायला लागली होती, आणि तीही मजुरांची मुलं. मग आमच्या छोटीनं लिहिलं तर लगेच अन्याय कसा?

आत्या: बरोबर वाचलंस. 1907 साली सान लोरेंझोच्या चाळीत ती शाळा सुरू झाली, आणि मुलं लिहायला लागली हेही खरं. पण त्याआधी काय केलं होतं ते वाच. धातूच्या चौकटींच्या कडेनं बोट आणि पेन्सिल फिरवली, सँडपेपरच्या अक्षरांवरून बोटं फिरवली, आठवडेच्या आठवडे. एक दिवस एका मुलाला वाटलं की आपल्याला लिहिता येतं, आणि त्यानं खडू घेऊन लिहिलं. वेळापत्रकात बुधवार होता म्हणून नाही. वय चारच होतं, फरक वाटेत होता.

भाचा: आत्या, वेल्डिंगमध्ये आमच्याकडे पहिली रन सगळ्यात महत्त्वाची. रूट म्हणतात तिला. ती कच्ची राहिली तर वरून कितीही भर घाला, रेडिओग्राफीत फट दिसतेच आणि सगळं कापून परत करावं लागतं. मला छोटीचा रूट पक्का हवाय, एवढंच. उद्या प्रोजेक्ट संपला, नोकरी गेली, तर महिन्याभरात पुण्याला परत जावं लागेल. तिथे पहिलीला घेताना विचारतील, वाचता येतं का?

आत्या: शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची चाळणी करायला मनाई आहे. 2009 चा कायदा आहे.

भाचा: कायदा आहे. मुलाखत म्हणत नाहीत, ‘भेट’ म्हणतात. माझ्या मित्राच्या मुलाला त्या भेटीत तीन अक्षरी शब्द वाचायला दिले होते.

आत्या: मग त्या शाळेची चूक तू छोटीच्या बोटांवर काढणार? आणि तुझाच दाखला घे. रूटच्या वरची भर आधी घालून कुणी वेल्डिंग करतं का? ऐकणं, बोलणं, हातानं करणं हा रूट. वाचन-लेखन त्याच्यावर येतं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. पहिली-दुसरी त्यातच येते. म्हणजे सरकार तिला आठव्या वर्षापर्यंत वेळ देतंय आणि तू पाचव्यापर्यंत.

इथे भाच्यानं जे विचारलं ते मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत अवघड वाटतं. कोसबाडची गोष्ट महाराष्ट्रात आदरानंच सांगितली जाते, आणि तिला असा थेट प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

भाचा: एक विचारू? राग मानू नकोस. तुमच्या बालवाडीतली किती मुलं दहावीपर्यंत पोचली?

आत्या: फार थोडी.

भाचा: मग?

आत्या: मग म्हणजे काय? ऐक. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचं वय 53. त्याआधी भावनगरला गिजुभाईंबरोबर बालमंदिरात काम केलेलं, मुंबईला दादरमध्ये शिशुविहार उभं केलेलं. त्यांना वाटायचं की बालशिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं राहिलं तर ते अर्धवट. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. वारली पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. आंघोळ घाला, केस विंचरा, नखं कापा, मग गाणी, मग गोष्टी. मोठी मुलं गुरं घेऊन जायची, तर त्यांच्यासाठी कुरणात शाळा. 1957 मध्ये हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसोरीची साधनं परवडत नव्हती म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं. मी माझ्या वर्गात चिंचोक्यांवर शंभरपर्यंत मोजायला शिकवलंय. पुढे मुलं गळाली ती वीटभट्टीमुळे. दिवाळीनंतर आईबाप स्थलांतर करायचे, मूल बरोबर जायचं. बालवाडीत दोष नव्हता, पुढचा रस्ताच नव्हता.

भाचा: तीच तर माझी भीती आहे. सुरुवात सुंदर, आणि पुढे रस्ता नाही. तुझ्या मुलांना गाणी येत होती, गोष्टी येत होत्या, पण चौथीतल्या मास्तरानं विचारलं ते येत नव्हतं. मी छोटीला ज्या रस्त्यावर पाठवतोय तिथे पुढे परीक्षा आहे. ती चुकीची असेल, पण आहे.

आत्या: हे मला तेव्हाही टोचायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या शाळेशी आम्ही जास्त भांडायला हवं होतं. पण त्यावर उपाय म्हणून बालवाडीतच चौथी आणली असती तर मुलं चौथीपर्यंत थांबलीही नसती. पहिल्याच आठवड्यात पळाली असती. छोटी पळू शकत नाही. बस न्यायला येते, दार बंद होतं. म्हणून तिच्या बाबतीत जास्त सांभाळायला हवं.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विषय भाषेकडे नेला, आणि तिथे आत्या काय म्हणेल याचा त्याचा अंदाज साफ चुकला.

भाचा: बरं, हे तरी ओझं आहे म्हणशील. 2025-26 च्या वर्षापासून इथल्या शिक्षण मंत्रालयानं खाजगी शाळांच्या केजीतही अरबी सक्तीची केली. आठवड्याला किमान 200 मिनिटं, पुढे 300 होणार आहेत. आमचे चार दिवस, म्हणजे रोज 50 मिनिटं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी आणि मल्याळम, वर अरबी. एवढंसं पोर.

आत्या: मला नाही ओझं वाटत. ज्या देशात राहतो त्या देशाची भाषा पोरीला यायला नको? खालच्या मजल्यावरची ती सीरियाची मुलगी आणि छोटी जिन्यात खेळतात तेव्हा ‘यल्ला, यल्ला’ करत दोघी धावतात. ते कुणी शिकवलं? भाषा माणसाबरोबर आली की मूल चारही पेलतं. अक्षराबरोबर आली की एकही पेलत नाही. अरबीच्या बाई गाणं म्हणत असतील, हात धरून गोल फिरवत असतील, तर 50 मिनिटं मजेत जातील. उजवीकडून डावीकडे ‘अलिफ’ची ओळ काढायला बसवत असतील तर मात्र तुझ्या बाजूनं मी भांडेन.

भाचा: म्हणजे तुला अरबी चालते, आणि ‘आर’ची ओळ चालत नाही.

आत्या: दोन्हीची ओळ चालत नाही. आणि मला जास्त काळजी मराठीची आहे. तू तिच्याशी काय बोलतोस ते मी महिनाभर ऐकतेय. ‘शूज काढ, हँड्स वॉश कर, डिनर संपव.’ सगळ्या आज्ञा. गोष्ट सांगितलीस कधी?

भाचा: मी घरी येतो तेव्हा ती झोपायला आलेली असते. पहाटे साडेपाचला निघतो.

आत्या: आणि शुक्रवारी?

भाचा: शुक्रवारी यार्ड चालू. शनिवारी बहुतेक चालू. रविवार मिळतो, त्यात बाजार, झोप, गावी फोन. शाळेला तीन दिवस सुट्टी आहे, मला नाही. आत्या, तीन दिवस ती घरात टॅब घेऊन बसते ते मला दिसत नाही असं समजू नकोस. तिची आई घरून काम करते, तीसुद्धा मीटिंगमध्ये असते. म्हणून तर मला शाळेनं चार दिवसांत जास्तीत जास्त करून घ्यावं असं वाटतं. उरलेल्या तीन दिवसांत आमच्याकडून काही होणार नाही हे मला माहीत आहे.

मला वाटतं खरं दुखणं इथे आहे. पाल्याला लवकर लिहायला लावणाऱ्या बापाला आपण हावरट समजतो. बऱ्याचदा तो वेळ नसलेला बाप असतो. जे आपण देऊ शकत नाही ते शाळेनं कागदावर मोजून द्यावं, निदान मिळालं एवढं तरी कळावं, असं त्याला वाटतं. बालशाळा मुळात याच प्रश्नातून जन्मली. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क या सूतगिरणीच्या वस्तीत रॉबर्ट ओवेननं 1816 मध्ये लहान मुलांची शाळा उघडली. गिरणीत जाणाऱ्या आईबापांची, चालायला लागलेल्या वयापासूनची मुलं तिथे यायची. पुस्तकांनी त्यांना त्रास द्यायचा नाही, मारायचं नाही, धमकावायचं नाही, हवा बरी असेल तर मोकळ्यावर खेळू द्यायचं, गाणं-नाच शिकवायचा, असा त्याचा दंडक होता. लक्षात घेण्यासारखं हे, की शाळा काढणारा माणूस गिरणीचाच चालक होता. कामाचे तास आणि मुलांचे तास एकाच डोक्यात होते. शारजात शाळेचा आठवडा बदलला, यार्डांचा बदलला नाही, आणि मधल्या दोन दिवसांची जबाबदारी घरावर येऊन पडली. जे मालक लहान मुलांच्या आईबापांना आलटून पालटून शुक्रवार किंवा शनिवार मोकळा देऊ शकतात त्यांनी तो द्यायला हवा. त्यानं जितकं होईल तितकं कुठल्याही वर्कशीटनं होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचा: आणि मी तरी नशीबवान. इथे कुटुंब आणायचं तर महिना चार हजार दिरहम पगार लागतो, नाहीतर तीन हजार आणि राहायला जागा. माझ्या हाताखालच्या बहुतेकांना तेवढा नाही. एक फिटर आहे, गुहागरकडचा. त्याची मुलगी छोटीएवढीच, गावच्या अंगणवाडीत जाते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, कायदाच आहे. त्या वेळेत तो शेडमध्ये बसून तिला व्हिडिओ कॉल करतो. तिथे दोन वाजलेले असतात, ती अंगणवाडीतून आलेली असते.

आत्या: काय बोलते?

भाचा: सगळं. आज उसळ होती, ती आवडली नाही. बाईंनी बेडकाची गोष्ट सांगितली. अमक्यानं ढकललं, मग मी पण ढकललं. मग गाणं. तो आजूबाजूच्यांनाही ऐकवतो. आठवडाभर एकच गाणं चालतं, आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

आत्या: आणि छोटी तुला काय सांगते?

भाचा: मी विचारतो, आज काय शिकलीस? म्हणते, काही नाही.

आत्या: चार वर्षांच्या पोरीला ‘काय शिकलीस’ याचं उत्तर कसं देता येईल? तिला वाटत असतं आपण खेळलो, रडलो, डबा खाल्ला. तिला विचार, डबा कुणाशेजारी बसून खाल्लास. विचार, आज कोण रडलं. मग बघ कशी सुटते ते. त्या फिटरच्या मुलीची अंगणवाडी. ती योजना सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 ला 33 गटांत सुरू केली तेव्हा मी नोकरीला लागलेली होते. आमच्या पाड्यावरचं अंगण देशभर गेलं म्हणून आम्ही केवढ्या हरखलो होतो. पुढे त्यात किती उणिवा राहिल्या त्या मला तोंडपाठ आहेत. जागा नाही, मानधन वेळेवर नाही, रजिस्टरांचा डोंगर. तरी तिथून ती पोर घरी येते आणि साडेबाराशे मैलांवरच्या बापाला आख्खा दिवस सांगते, तिच्या भाषेत. आठवडा कसा गेला हे मोजायचं तर मी यावरून मोजेन. सांगण्यासारखं काही घडलं का, आणि ऐकायला कुणी होतं का.

भाचा: म्हणजे अर्धे मार्क माझे.

आत्या: अर्ध्यापेक्षा जास्त. शाळेच्या बाई पंचवीस जणांचं ऐकतात.

भाचा: ठीक. मग तूच सांग, तीन दिवस काय करायचं? कोसबाडचं कुरण इथे नाही. बाहेर 42 अंश आहे.

आत्या: डहाणूच्या मे महिन्यात तरी आम्ही बारा वाजता कुठे बाहेर काढायचो? सकाळी सहाला समुद्रावर ऊन कडक नसतं. परवा मी तिला घेऊन गेले होते. तिनं शिंपले गोळा केले, मोठे एकीकडे, छोटे एकीकडे, फुटके वेगळे. फुटके का वेगळे विचारलं तर म्हणाली, ते आजारी आहेत. हे वर्गीकरण तिनं स्वतः केलं, कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. खजुराच्या बिया धुऊन डब्यात साठवल्यात, त्या मोजते. सतरापर्यंत बरोबर जाते, मग एकदम वीस. रात्री वाळूच्या ट्रेमध्ये बोटानं ‘छ’ काढते, स्वतःच्या नावाचा. तिनंच मागितला.

भाचा: ‘छ’? त्यापेक्षा ‘आर’ सोपा आहे.

आत्या: तिला ‘छ’ हवा होता.

भाचा: पण तू सप्टेंबरला जाशील.

आत्या: म्हणून तर आत्ता सांगतेय. या इमारतीत चार मराठी घरं आहेत आणि प्रत्येकात एक लहान मूल. शुक्रवारची सकाळ एका घरी, शनिवारची दुसऱ्या घरी. एक मोठं माणूस, चार-पाच पोरं, दोन तास. पीठ, पाणी, गोष्ट, गाणं. सीरियाची ती मुलगीही येऊ दे. पाळी बापांचीही लावायची. फक्त आयांवर टाकलंत तर दोन आठवड्यांत बंद पडेल, मी खूप बालवाड्या अशा बंद पडताना पाहिल्यात.

भाचा: शुक्रवारी मी कसा येणार?

आत्या: तुझी पाळी रविवारी. झोप कमी कर.

भाचा: आणि दोन तासांतला अर्धा तास लिहायला?

आत्या: नाही.

भाचा: पंधरा मिनिटं. आत्या, वर्गातली बाकीची मुलं वह्या भरतायत. बाईंनी तिला सारखं ‘मागे आहे’ म्हटलं तर ते तिलाही कळेल. त्याचं काय?

आत्या: हे मात्र खरं. तिला कमी वाटायला लागलं तर माझा सगळा शहाणपणा फुकट. तू एकदा शाळेत जाऊन बाईंना भेट. तक्रार करायला नको, त्यांच्यावरही वरून दबाव असणार. एवढंच विचार की छोटीची ओळ वहीऐवजी पाटीवर किंवा वाळूत चालेल का, दिवाळीपर्यंत. बोटं तयार होतील तोवर. चांगल्या बाई असतील तर हो म्हणतील, त्यांनाही प्रशिक्षणात हेच शिकवलेलं असतं.

भाचा: आणि नाही म्हणाल्या तर पंधरा मिनिटं माझी.

आत्या: नाही म्हणाल्या तर दहा. आणि तिच्या शेजारी बसून, तूही लिहायचं.

भाचा: सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. दिवाळीपर्यंत बघू. तेव्हा मात्र मी पुन्हा विचारणार आहे.

आत्या: विचार. मी तिकडून फोनवर भांडेन.